सज्जन सम्राट, दुष्ट सम्राट

‘ग्लॅडिएटर’ (२०००) हा चित्रपट मानवत येथे काही कुटुंबांसमवेत पाहिला. तरुण मंडळी शौर्याने भारावली. वडीलधाऱ्यांना तो निव्वळ रक्तपात वाटला. सम्राट मार्कस ऑरेलियस सज्जन आणि त्याचा पुत्र कॉमोडस दुष्ट, याविषयी मात्र सर्वांचे एकमत! इतिहास इतका सरळ नाही. त्याच तत्त्वज्ञ मार्कसच्या कारकिर्दीत संत जस्टिन यांचा शिरच्छेद झाला, इ. स. १७७ मध्ये लिआँच्या रिंगणात ब्लांदिना ही दासी श्रद्धेसाठी रक्तसाक्षी झाली. चित्रपटात त्यांना जागा नाही. उलट कॉमोडसच्या काळी (क्रूर तर तो होताच) त्याची उपपत्नी मार्सिया हिने पोप व्हिक्टर यांच्याकडून नावांची यादी मागवून सार्डिनियाच्या खाणींत खितपत पडलेले ख्रिस्ती बंदी सोडविले. यादीत कॅलिक्स्टस नावाच्या गुलामाचे नाव नव्हते. विनवण्या करून तो सुटला, असे हिप्पोलिटस लिहितो. तोच पुढे पोप झाला.