काळ्या काचेचा भरवसा

माझे मामू वेल्डर होते. मी शाळेत असताना एकदा त्यांच्या मास्कची काच फुटली. हातातलं काम तर थांबवता येत नव्हतं. बाजारातून स्वस्तातला काळा चष्मा आणून त्यांनी दिवस भागवला. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखे ते तळमळत उठले. अम्मी गार पाण्याच्या घड्या ठेवत राहिली. मामू एकच म्हणत होते, ‘‘काच तर चांगली काळी होती की!’’

मित्रहो, त्यांच्या या कोड्याचं उत्तर मला पुढे इतिहासाच्या वाचनात सापडलं.

विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा. पेशानं संगीतकार, इंग्लंडात येऊन आकाश पाहू लागला आणि १७८१ साली त्यानं युरेनस शोधला. दुर्बिणीतून सूर्य पाहताना तो निरनिराळ्या रंगीत काचा लावून पाही. त्याला एक नवल दिसलं. काही काचांतून उजेड थोडाच येई, पण डोळ्याला गरम लागे. काहींतून उजेड भरपूर, पण उष्णता जवळजवळ नाहीच. म्हणजे उजेड अडवणं वेगळं आणि उष्णता अडवणं वेगळं! १८०० साली त्यानं लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटरला जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण सापडले.

या ज्ञानाचा उपयोग कष्टकऱ्यांच्या डोळ्यांना व्हायला मात्र शंभरावर वर्षं लागली. काचेच्या भट्टीपुढे आयुष्य काढणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू होई. त्यावर उपाय शोधण्याचं काम सर विल्यम क्रुक्स यांनी हाती घेतलं. वेगवेगळे धातू मिसळून त्यांनी तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा तयार केल्या आणि प्रत्येकीतून कोणते किरण किती पार होतात ते मोजलं. सेरियमनं अतिनील किरण अडले, लोहाच्या संयुगानं उष्णता अडली. १९१३ साली त्यांनी हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडलं, तेव्हा त्यांचं वय होतं एक्याऐंशी! चष्म्याच्या दुकानातली ‘क्रुक्स’ काच ती हीच.

आता मामूंचं कोडं सुटतं. त्यांच्या चष्म्यानं डोळे दिपू दिले नाहीत. पण वेल्डिंगच्या ठिणगीतले अतिनील किरण पुरते अडवलेही नाहीत. डोळा दिपला असता तर त्यांनी निदान मान तरी फिरवली असती. काळ्या काचेनं तेवढीही सावधगिरी हिरावून घेतली.

ग्रहणाच्या दिवशी काजळी धरलेल्या काचेतून सूर्य पाहणारे आपण तीच चूक करतो. त्यासाठी वेल्डिंगची चौदा नंबरची काच चालते. दृश्य प्रकाशाच्या दहा लाख भागांतले जेमतेम तीन भाग ती आत सोडते आणि न दिसणारे किरणही अडवते. काच किती काळी आहे हे डोळ्याला कळतं. ती काय अडवते, हे मात्र मोजूनच पाहावं लागतं.