शाळेत चूल कशी आली

मुळशी तालुक्यात पौड मागे पडलं आणि रस्ता ताम्हिणीच्या दिशेने निघाला की गावं विरळ होत जातात आणि शाळा लहान. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट आठ-दहा मुलांचा असणं इथे नवलाचं नाही. पहिली ते पाचवीच्या अशा आठ मुलांसाठी दुपारचं जेवण शिजवायचं, तर सरकारी प्रमाण सांगतं: ८०० ग्रॅम तांदूळ, १६० ग्रॅम डाळ, ४०० ग्रॅम भाजी, ४० ग्रॅम तेल. म्हणजे मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि त्याच्या जोडीचं बाकी सगळं. त्यातून प्रत्येकाच्या पोटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं जावीत, ही अपेक्षा. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हेच आकडे ७०० आणि २० होतात.

या खिचडीची कुळकथा शंभर वर्षांहून जुनी आहे. दान, दुष्काळ, एक महापालिका, दोन मुख्यमंत्री आणि सर्वोच्च न्यायालय अशा हातांतून ती इथवर आली. त्यात निर्णायक गोष्ट घडली ती तांदूळ वाटला तेव्हा नाही, शाळेतच चूल पेटली तेव्हा.

मुळशीसारख्या भाताच्या मुलखात मुलं उपाशी का राहावीत, असं बाहेरच्याला वाटू शकतं. आंबेमोहोर आणि इंद्रायणी इथल्या खाचरांतून पिकतो. इंद्रायणी हे वाण तर शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं. पण जूनमध्ये शाळा उघडते आणि त्याच्या मागोमाग आवणीची, म्हणजे भातलावणीची, घाई लागते. घरची मोठी माणसं उजाडताच खाचरात जातात. मूल रात्रीचं उरलेलं काही मिळालं तर खाऊन, नाहीतर नुसता चहा पिऊन, पावसातून चालत शाळेत येतं. पुढे भाद्रपद-आश्विनात जुना तांदूळ संपत आलेला आणि नवा अजून शेतात उभा असतो. कातकरी कुटुंबांकडे बहुधा खाचरच नसतं. मुळा नदीच्या खोऱ्यातली उत्तम भातजमीन तर टाटांच्या धरणाखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. मुंबईला वीज मिळाली, खोऱ्याने शेतं गमावली.

शिकणाऱ्या मुलाला जेवू घालायची रीत पुण्याला मात्र जुनीच ठाऊक होती. गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा सात घरी सात वार लावून जेवत. कित्येक नामवंतांचं शिक्षण असंच पार पडलं. पण ही सोय ब्राह्मण मुलांपुरती होती. ज्याच्या हातचं आणि ज्याच्या पंगतीतलं चालत नाही, त्याच्यासाठी कुठल्याच घरी वार नव्हता. सरकारी शाळेतल्या जेवणाचं मूळ या रीतीत शोधण्याचा मोह होतो, पण ते तिथे नाही. ते सापडतं जातीची ही भिंत तोडणाऱ्यांच्या घरात. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले त्या कामात होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांचं एक वसतिगृह काढलं. तिथे मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं आणि ते पुरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रासकट. आपल्याकडच्या शाळेच्या चुलीचं पहिलं इंधन कुणी दिलं, असं विचारलं तर लक्ष्मीबाईंचं नाव आधी घ्यायला हवं. भाऊरावांच्या नावाच्या शाळा गावोगाव आहेत. १९३० मध्ये गेलेल्या लक्ष्मीबाईंची आठवण त्या मानाने फार थोडी निघते.

सरकारी तिजोरीतून हे काम करण्याचा मान मद्रासकडे जातो. जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९२० मध्ये, थाउजंड लाइट्स भागातल्या पालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचं खाणं देण्याचा ठराव झाला. खर्चाची मर्यादा दर मुलामागे दिवसाला एक आणा. कारण साधं होतं: गरिबांची मुलं शाळेत येत नव्हती आणि आली तरी टिकत नव्हती. इंग्लंडमध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा १९०६ मध्येच झाला होता, पण तोच न्याय वसाहतीतल्या मुलांना लावायची तयारी सरकारची नव्हती. खर्चावर हरकत आली आणि मद्रासची योजना काही वर्षांतच अडखळली. मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये ती राज्यभर पुन्हा उभी केली. लहानपणी स्वतः उपाशी राहिलेल्या मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिला इतकं मोठं केलं की तमिळनाडूत पुढच्या कुणालाही ती बंद करणं शक्य झालं नाही.

महाराष्ट्रात या काळात काय होतं? साठी ओलांडलेल्या माणसांना विचारलं तर उत्तर येतं: सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या पूर्वरूपातली खडी फोडण्याची, बंडिंगची कामं निघाली, अमेरिकेहून आलेली लालसर मिलो ज्वारी रेशनवर मिळू लागली आणि मजुरांच्या, मुलांच्या हातावर सुकडी पडू लागली. शाळा-बालवाड्यांत परदेशी मदतीच्या भुकटीचं दूध मिळाल्याच्या आठवणीही या पिढीत आहेत. या सगळ्याने जीव वाचवले. पण ती संकटातली मदत होती. दुष्काळ सरला की आटणारी, देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी देशव्यापी योजना सुरू केली आणि महाराष्ट्रातही ‘शालेय पोषण आहार’ हे नाव रुळलं. कागदावर उद्देश शिजवलेल्या जेवणाचा होता. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी सोपी वाट धरली: महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलामागे ३ किलो धान्य घरी न्यायचं. पिशवी घेऊन रांगेत उभी असलेली मुलं हे त्या काळातलं ओळखीचं दृश्य. पण ३ किलो तांदूळ पाच-सहा माणसांच्या घरात किती दिवस पुरणार? तो सगळ्यांच्या ताटात गेला, आणि जावा हे योग्यच होतं. फक्त ज्या मुलाच्या नावाने तो आला, ते मूल दुपारी दोन वाजता वर्गात पूर्वीइतकंच उपाशी राहिलं.

ही वाट बदलली ती न्यायालयाने. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता. अन्न महामंडळाची गोदामं धान्याने भरलेली आणि जवळपासच्या गावांत लोक अर्धपोटी. एप्रिल २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि जगण्याच्या हक्कात अन्नाचा हक्क येतो, असा दावा मांडला. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने राज्यांना सांगितलं की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं. कोरडं धान्य वाटणाऱ्या राज्यांनी तीन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यांत सुरुवात करायची होती. महाराष्ट्राच्या शाळांत चूल पेटली ती या आदेशानंतर.

आणि आधी ती उघड्यावरच पेटली. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात तीन दगड, ओली लाकडं, धुराने चुरचुरणारे डोळे. मुळशीच्या पावसात चूल धरवणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांनाच विचारावं. शिक्षक वैतागले, तांदळाच्या नोंदी, रिकामी बारदानं, इंधनाची बिलं सांभाळण्यात शिकवण्याचा वेळ जाऊ लागला. ‘खिचडी शाळा’ असं हिणवणंही सुरू झालं. यातला शिक्षकांचा त्रास खरा होता आणि आजही आहे, पण हिणवणारे बहुतेक असे होते ज्यांच्या मुलांच्या डब्याची चिंता घरीच मिटलेली होती.

२० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालय आणखी पुढे गेलं. स्वयंपाकघरासाठी खोली बांधा, मुलांकडून पैसे घेऊ नका, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या आणि स्वयंपाकासाठी नेमणूक करताना दलित, आदिवासी बायांना प्राधान्य द्या. शेवटच्या कलमावरून देशात अनेक गावांत वाद झाले, मुलांना जेवणावरून उठवलं गेलं. ज्या पंगतीसाठी साताऱ्यात एका जोडप्याने दागिने मोडले होते, ती पंगत आता प्रत्येक गावाला मांडावी लागणार होती.

पुढची पावलं भराभर पडली. २००६ मध्ये प्रमाण ४५० उष्मांकांवर गेलं आणि त्यानंतर सहावी ते आठवीची मुलंही योजनेत आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दुपारचं जेवण मुलांचा कायदेशीर हक्क ठरलं. त्याच वर्षी जुलैत बिहारच्या गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेल्या तेलातल्या जेवणाने २३ मुलं दगावली. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी जेवण चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं, हा नियम त्यानंतर सगळीकडे काटेकोर झाला. २०२१ मध्ये योजनेचं नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ झालं. गावात मात्र ती अजून ‘पोषण आहार’च आहे आणि मुलांसाठी ‘खिचडी’.

फायदा झाला का? २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळालं होतं, त्या मोठ्या होऊन आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वयानुसार उंची अधिक भरली, असं त्यात दिसलं. एका मधल्या सुट्टीतलं ताट पुढच्या पिढीच्या हाडांत उतरतं, हे समजल्यावर या योजनेवरच्या खर्चाला ‘फुकट वाटप’ म्हणणाऱ्यांनी ते शब्द मागे घ्यायला हवेत.

तरीही या खर्चाकडे हात आखडूनच पाहिलं जातं. धान्य केंद्र देतं. डाळ, तेल, भाजी, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासूनचा दर पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे. आपल्या आठ मुलांच्या शाळेचा हिशोब ५४ रुपये २४ पैसे होतो. महाराष्ट्रात ग्रामीण शाळांना डाळी-तेल-मसाला ‘धान्यादी माल’ म्हणून पुरवठादाराकडून येतो आणि शाळेच्या हाती इंधन-भाजीपाल्यापुरती छोटी रक्कम उरते. दोनशे मुलांच्या शाळेत अशी रक्कम एकत्र येऊन काहीतरी जमतं. आठ मुलांसाठी मात्र शेगडी तीच पेटते, भांडी तीच घासावी लागतात, बाजार तितकाच लांब असतो.

या चुलीपुढे उभी असलेली बाई सरकारी भाषेत ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ आहे. २००९ मध्ये केंद्राने तिचं मानधन महिन्याला १,००० रुपये ठरवलं, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. केंद्राचा हिशोब अजून त्याच आकड्यावर आहे. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून २०२३ मध्ये ते १,५०० वरून २,५०० केलं. पंचवीसपर्यंत पट असेल तर एकच बाई. तांदूळ निवडणं, पाणी भरणं, शिजवणं, वाढणं, घासणं हे सगळं तिचंच. संपूर्ण योजना जिच्या हातावर उभी आहे, तिच्या श्रमाला राज्य पगार म्हणायलाही तयार नाही.

२०२३ नंतरचे बदल मुळशीच्या नकाशावर ठेवून पाहण्यासारखे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आठवड्यातून एकदा अंडं द्यायला सुरुवात केली. न खाणाऱ्यांना केळं. जून २०२४ मध्ये पंधरवड्याचा नवा आहार आला: पुलाव, मसालेभात, मोड आलेली कडधान्यं, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व. रोजच्या त्याच खिचडीला कंटाळलेल्या मुलांसाठी हे फार चांगलं होतं, आणि नाचणी तर मुळशीच्या डोंगरउतारावरचंच धान्य. पण जानेवारी २०२५ मध्ये शासनाने सांगितलं की अंडं आणि साखर यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही. अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्त्व ऐच्छिक झालं. द्यायचं तर लोकसहभागातून द्या.

आता लोकसहभाग म्हणजे कोण? याच तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि माण आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळांत बांधकाम मजुरांची मुलं शिकतात, पण आजूबाजूला आयटी कंपन्या आहेत. सामाजिक निधीसाठी कुणाचं तरी दार वाजवता येतं. पश्चिमेला घाटमाथ्याच्या वाडीत लोकसहभाग द्यायला जे लोक आहेत, ते त्या आठ मुलांचे आई-बापच. ज्यांच्या घरात पुरेसं नाही म्हणून शाळेत चूल आली, त्यांनाच त्या चुलीसाठी अंडी आणायला सांगितलं जातं.

कातकरी मुलांचं कोडं याहून अवघड आहे. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर नाव राहतं, ताट मात्र रिकामं. मुलं मागे राहावीत म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती जिथे वेळेवर, म्हणजे कुटुंब निघण्याच्या आधी सुरू होते, तिथे मूल जेवतंही आणि शिकतंही. महिनाभर उशीर झाला तर ते तोवर भट्टीवर पोचलेलं असतं.

लहान शाळांपुरता एक बदल लगेच करता येण्यासारखा आहे. खर्चाचा दर फक्त डोक्यामागे न ठरवता चुलीमागेही एक किमान रक्कम ठरवावी: पट चारचा असो वा चोवीसचा, इंधन, भाजी आणि आठवड्याचं अंडं भागेल इतकी. मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोर अशा डोंगरी तालुक्यांतल्या कमी पटाच्या शाळा सरकारी यादीत आधीच नोंदलेल्या आहेत. त्यांची रोजची हजेरी पोर्टलवर भरली जाते. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं बारा महिन्यांचं मानधनही त्याच निर्णयात बसवता येईल.