निळाईची किंमत

अजिंठ्याच्या चित्रकारांना बहुतेक रंग आसपासच्या मातीदगडांतूनच मिळाले. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी. निळा मात्र इथे नव्हता. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगवलेल्या लेण्यांत जी निळाई दिसते, ती आली अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. तिथल्या कोकचा नदीच्या खोऱ्यात हजारो वर्षांपासून एक निळा दगड खणला जातो. त्याचे नाव लाजवर्द.

हा फारसी शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला निघाला. वाटेत त्याचा 'ल' गळाला आणि स्पॅनिशमध्ये 'असूल', फ्रेंचमध्ये 'अझ्यूर' झाला. दोन्हींचा अर्थ निळा. त्यापासून केलेल्या रंगाला युरोपने म्हटले 'अल्ट्रामरीन', म्हणजे समुद्रापलीकडचा.

नुसता दगड कुटला तर करडी पूड हाती येते. चेनिनो चेनिनी या इटालियन चित्रकाराने १४००च्या सुमारास कृती लिहून ठेवली आहे: पूड राळ आणि मेणात मळायची, तो गोळा राखेच्या पाण्यात दाबत राहायचा, की निळा कण तळाशी बसतो. पहिल्या पाण्याचा रंग सर्वांत उत्तम आणि सर्वांत महाग. १४८५ साली फ्लॉरेन्समध्ये गिर्लांदायो या चित्रकाराशी झालेल्या करारात तर अटच होती, की निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचाच हवा.

मेरीचे वस्त्र निळे का? तो आकाशाचा, पावित्र्याचा रंग म्हणून. हे खरेच, पण बाजारातली महागातली महाग वस्तू तिच्या चरणी वाहण्याची भावनाही त्यात होती. हाच लाजवर्द इराणी कारागिरांनी कुराणाच्या हस्तलिखितांत सोन्याशेजारी भरला. बोधिसत्त्व, मेरी आणि कुराण, तिघांसाठी निळाई त्याच डोंगरांतून आली.

मग सतराव्या शतकात हॉलंडच्या व्हर्मीरने हा मौल्यवान रंग दूध ओतणाऱ्या एका मोलकरणीच्या एप्रनला लावला. १६७५ साली तो कर्जात वारला. पण त्या कष्टकरी बाईला देवीच्या वस्त्राचा रंग देऊन गेला.

१८२४ साली पॅरिसमध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी सहा हजार फ्रँकांचे बक्षीस जाहीर झाले. १८२८ साली ते गिमे या रसायनतज्ज्ञाला मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून निळा रंग तयार झाला. त्यानंतर तो इतका स्वस्त झाला, की आपल्या घरांत पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ बनून धुण्याच्या बादलीत उतरला.

निळ्याची किंमत गेली, पण अर्थ संपला नाही. १९४२ साली डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा झेंडा निळा होता. एके काळी श्रीमंत आश्रयदात्यांनाच परवडणारा रंग आता ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांच्या स्वाभिमानाचा झाला.

रंग पाहून माणसाची जात आणि धर्म ठरवण्याची घाई आज फार आहे, मंडळी. अशा वेळी अजिंठ्याला गेलात, तर त्या निळाईसमोर थोडे थांबा. ती इथल्या भिंतीवर दीड हजार वर्षे आहे, आणि ती आली आहे दूरच्या मुलखातून.