हमी कुणाला?

‘गॅरंटी’ला मराठीत ‘हमी’ हा शब्द रुळला आहे. पण हमी कोण देतो, कुणाला देतो आणि तिची किंमत कुणाच्या खिशातून जाते, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. त्यासाठी इतिहासात डोकवावं लागतं.

१८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी करार केला. भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं, जमीन सरकारने फुकट द्यायची, आणि रेल्वे तोट्यात चालली तरी भांडवलावर पाच टक्के परतावा ठरलेला. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. गावात रूळ येवोत न येवोत, रत्नागिरीच्या कुळाने भरलेला सारा याच तिजोरीत जात होता.

एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. पुढच्याच महिन्यात निजामाशी तह होऊन वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि वऱ्हाडात तो पिकत होता. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. नागपूर मुंबईपासून आठशे किलोमीटरांवर. रत्नागिरी त्याहून कितीतरी जवळ, पण तिथून परदेशी न्यावा असा कापूस नव्हता. तिथले चाकरमानी बोटीने मुंबईच्या गिरण्यांत येत राहिले. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये.

मग ज्याच्या दारात रेल्वे आली, तो वऱ्हाड तरी श्रीमंत झाला का? अमरावती, खामगावच्या बाजारपेठा फुलल्या, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. पण सूत कातणं, कापड विणणं, विमा, दलाली, पेढ्या हे सगळं मुंबईत किंवा समुद्रापार. अमेरिकेतल्या यादवीत कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये ती संपताच कोसळले. भागधारकाचे पाच टक्के शाबूत राहिले. तेजीच्या भरवशावर सावकाराकडून कर्ज उचललेल्या कुणब्याला मात्र कसलीच हमी नव्हती.

म्हणजे विषमता दोन प्रकारची. एक, भांडवल न पोचल्याची. दुसरी, ते केवळ माल उचलायला पोचल्याची. दुसरी चटकन दिसत नाही, कारण स्टेशन दिसतं, गर्दी दिसते. त्याच रुळांचा वेगळा उपयोग १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी करून दाखवला: कापसाजवळच, नागपुरात, एम्प्रेस मिल उभी केली. गाठी बाहेर जाण्याऐवजी कापड बाहेर जाऊ लागलं, मजुरी गावात राहिली. तेव्हा पैसा कुठून आला याइतकंच तो कोणत्या अटींवर आला आणि कमाईचा कुठला टप्पा जागेवर ठेवून गेला, हेही विचारायला हवं.

१९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि ‘हमीभाव’ हा शब्द विदर्भात घरोघरी गेला. भागधारकाला १८४९ मध्ये मिळालेली हमी शेतकऱ्याच्या दारात यायला सव्वाशे वर्षं लागली. तीही पाच टक्क्यांइतकी पक्की कधीच नव्हती.