सांजेची घंटा आणि घरची ओवी

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्यांतील, तळा हें गांव इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले, त्यांत तळ्याचा गड होता. गांवापासून जवळच, पश्चिमेच्या अंगास, कुड्याचीं बौद्ध लेणीं आहेत. त्या लेण्यांतील शिलालेखांत राजेरजवाड्यांच्या जोडीनें एक माळी, एक वैद्य, एक लोखंडाचा व्यापारी अशा संसारी माणसांचीं दानें नोंदलेलीं आहेत. आपला धंदा सांभाळून धर्माशीं नातें ठेवावें, ही या मुलुखाची फार जुनी रीत दिसते.

या रीतीचा एक निराळा धागा पाहावयाचा तर तळ्याहून उत्तरेस रोह्याकडे वळावें. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर चौल-रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोर्लई. चौल येथें किल्ला बांधण्याची परवानगी पोर्तुगीजांस १५२१ सालीं निजामशाहाकडून मिळाली. १५९४ सालीं त्यांनीं समोरचा कोर्लईचा डोंगर जिंकला. पुढें दोन शतकेंपर्यंत रेवदंड्याच्या तटाच्या आंत मठ, देवळें आणि वाडे उभे राहिले. आज तेथें नारळी-पोफळींत पडक्या भिंती आहेत, आणि त्यांत सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा अजून उभा आहे.

१७३९ सालीं वसई मराठ्यांनीं घेतली आणि १७४० सालच्या तहानें चौल व कोर्लईहि त्यांच्या हातीं आलीं. कॅप्टन, फिदाल्गु आणि धनिक घराणीं गोव्याकडे निघून गेलीं. गोरगरीब मात्र मागें राहिले. ज्यांच्या बापजाद्यांनीं हा धर्म राज्यकर्त्यांच्या छायेंत घेतला होता, त्यांच्या डोक्यावरून तें राज्यच निघून गेलें. आतां यांचें काय होईल, असा प्रश्न त्या काळच्या कोणाहि शहाण्या माणसास पडला असता. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस धर्माचरणाची मोकळीक दिली होती हें चिमाजी अप्पांस भूषणावह आहे. पण मोकळीक मिळणें निराळें आणि धर्म टिकणें निराळें. कोर्लईस तो टिकला. त्या लहानशा वाडींत आजहि पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफांतून झालेली एक बोली घरोघर चालते. तिला तेथील लोक आपल्या बोलींत नुसतें ‘आमची भाषा’ अशा अर्थाचें नांव देतात. बोलणारीं माणसें हजाराच्या आंतबाहेर असतील.

याच किनाऱ्यावर बेने इस्रायल लोकांचें उदाहरण आहे. ते आपल्या धर्मबांधवांपासून शतकानुशतकें तुटलेले होते. ग्रंथ नाहीं, गुरु नाहीं. तरी शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवावयाचा आणि शेमा ही एक प्रार्थना म्हणावयाची, एवढें त्यांनीं सोडलें नाहीं. शेजारीपाजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा बंद ठेवणें ही किती लहान गोष्ट! पण तीच त्यांची ओळख होऊन बसली.

कॅथलिक घरांतील नित्यक्रम असाच लहान लहान गोष्टींचा आहे. सकाळीं उठतांच कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांस हात लावून क्रुसाची खूण करावयाची. जेवणापूर्वीं तीच खूण आणि दोन शब्द उपकाराचे. पहांटे, दुपारीं आणि सांजेस देवळाची घंटा वाजली कीं हातांतलें काम थांबवून देवदूतानें मरियेस दिलेला निरोप आठवावयाचा. शेतांत असेल त्यानें शेतांत, होडींत असेल त्यानें होडींत. सांजेच्या घंटेनंतर घरांतील वेदीपुढें दिवा लागतो आणि जपमाळ सुरू होते. गोव्याकडे हिला तेर्स म्हणतात. या जपमाळेचे पांच भाग असतात. प्रत्येक भागांत प्रभूची प्रार्थना एकदां, नमो मरिया दहा वेळां आणि शेवटीं त्रैक्याची स्तुति. घरांतील एकानें अर्धी प्रार्थना म्हणावी आणि बाकीच्यांनीं पुरी करावी, असा क्रम असल्यामुळें लहान मूलहि चार वर्षांचें होण्यापूर्वीं ती पाठ म्हणूं लागतें. जप संपला कीं मुलें वडील माणसांपुढें जाऊन आशीर्वाद मागतात. सांजवात लावून स्तोत्र म्हटल्यावर वडिलांस नमस्कार करणाऱ्या हिंदु घरांतील मुलास यांत परकें असें काय वाटावें?

कित्येक सुशिक्षितांस असा जप यांत्रिक वाटतो, आणि तो तसा होऊंहि शकतो. परंतु यंत्र म्हणून कां होईना, जें रोज चालतें तें विस्कटलेल्या काळांत माणसास सांवरतें. मनांत भक्ति दाटेल तेव्हांच प्रार्थना करूं असा ज्याचा नेम, त्याची प्रार्थना आठवड्यांत किती वेळां होईल हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मात्र नेम टिकावयाचा तर तो घरच्या जिभेवर रुळला पाहिजे, ही गोष्ट सर्वांच्या आधीं ओळखली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें. तो १५७९ सालीं गोव्यास आला आणि साष्टींत त्यानें आयुष्य घालविलें. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभींच एक प्रसंग आहे. देवळांत धर्मशिक्षण चाललेलें असतां एक ब्राह्मण पुढें येऊन विचारतो कीं, पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं? हा प्रश्न फार मार्मिक आहे. नवीन धर्म घेतलेल्या माणसास देवळांतील शिकवणीची उणीव नव्हती. उणीव होती ती घरीं बसून, गाऊन, ऐकून मन रमेल अशा ग्रंथाची. त्याचें उत्तर म्हणून जवळजवळ ११,००० ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ सालीं रोमन अक्षरांत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. रविवारीं आणि सणावारीं तो देवळांत वाचला जाई.

पुढें राज्यकर्त्यांची बुद्धि फिरली. १६८४ सालच्या फर्मानानें लोकांनीं तीन वर्षांत आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें ठरविण्यांत आलें. भाषा फर्मानानें मरत नाहीं ही गोष्ट निराळी, पण त्या देशांतील देशी ग्रंथरचनेला जो ओहोटा लागला तो लागलाच. क्रिस्तपुराण वांचलें तें कानडा मुलुखांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं त्याची नवी आवृत्ति काढली. छापखाना हरला आणि घरची पोथी जिंकली, असें क्वचितच घडतें.

कोर्लईचा दाखला येथें आडवा येतो, हें नाकारतां येत नाहीं. तेथें घरची भाषा झाली ती परकी भाषा आपल्यांत जिरवूनच. मग स्टीफन्सचें धोरण खरें कीं कोर्लईचा अनुभव? दोहोंत विरोध दिसतो तेवढा नाहीं. राज्यकर्त्यांची पोर्तुगीज कोर्लईनें घेतली खरी, पण आईनें मुलास झोपवितांना म्हणावी अशी करून घेतली. आज त्याच गांवांत देवळांतील उपासना मराठींत चालते.

प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवेश याहून फार उशिराचा. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले. स्कॉटिश मिशनरींनीं १८२३ सालीं सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट येथें पहिलें ठाणें घातलें, म्हणजे तळ्याच्या दक्षिणेस. यांच्या घरांत वेदी नव्हती, माळ नव्हती; होतें तें पुस्तक. १८२६ सालीं अमेरिकन मिशननें मराठी नवा करार छापला. सकाळीं किंवा निजण्यापूर्वीं कुटुंबांतील सर्वांनीं एकत्र बसावें, एकानें एक अध्याय वाचावा, मग स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करावी, हा त्यांचा नेम. यामुळें एक गोष्ट अशी झाली कीं, ज्यास देवाजवळ राहावयाचें त्यास वाचतां येणें भाग पडलें. ख्रिस्ती समाजांतील स्त्रिया इतरांच्या कितीतरी आधीं लिहूंवाचूं लागल्या, त्याच्या मुळाशीं शाळेइतकाच हा घरचा अध्याय आहे. उणीव एवढीच कीं, वाचनाची मराठी पुष्कळदां भाषांतराची आणि गायनाची चाल विलायती. देवाशीं बोलावयाचें आणि तेंहि पाहुण्यांच्या भाषेंत, असा कांहींसा प्रकार.

पंडिता रमाबाईंस हें शल्य टोंचत होतें. केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों निराधार मुली होत्या. १९०५ च्या जानेवारींत रमाबाईंनीं प्रार्थनेसाठीं हांक दिली, तेव्हां आरंभीं ७० जणी रोज जमूं लागल्या आणि पुढें ती संख्या कित्येक पटींनीं वाढली. या मुलींस समजेल अशी बायबलाची मराठी असावी, म्हणून संस्कृतांत मुरलेल्या या विदुषीनें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याचीं शेवटचीं वर्षें मूळावरून भाषांतर करण्यांत घालविलीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. पंडितांची भाषा सोडून कुणबिणीची भाषा धरणें हा त्याग बाईंच्या इतर त्यागांपेक्षां कमी मानूं नये.

गायनाची उणीव भरून निघाली ती नगरकडे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली, आणि नारायण वामन टिळक यांनीं तिला कवीची वाणी दिली. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोंकणांतील करजगांवचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या पुलावरून आलों अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांनीं आणि भजनांनीं मराठी ख्रिस्ती घराची सांज बदलली. टाळ आणि एकतारी ज्या देवळांत निषिद्ध मानलीं जात तेथें तीं मानानें आलीं. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहांत टिळकांचीं पदें पानोपानीं आहेत.

या सर्वांची किंमत कोणी दिली हें पाहावयाचें तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रें’ वाचावीं. पतीच्या धर्मांतरानें त्यांचा संसार पांच वर्षें दुभंगला. त्यांचाहि दिवस नेमानेंच चाले, पण तो नेम सोंवळ्याओंवळ्याचा होता. कोणाच्या हातचें पाणी प्यावें आणि कोणाच्या हातचें नाहीं, यांत सारी सकाळ जावयाची. हा नेम त्यांनीं सोडला तो कोणाच्या व्याख्यानानें नव्हे. जातीपातीचे भेद माणसानें केले कीं देवानें, याचा विचार एकटीनें करीत असतां मनाची गांठ सुटली आणि त्यांनीं सोंवळें टाकलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वींच त्यांचें आचरण बदललेलें होतें, हें विशेष.

टिळकांनीं येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य आरंभिलें होतें. तें अपुरें टाकून ते ९ मे १९१९ रोजीं मुंबईस वारले. घरींच लिहावयास शिकलेल्या, शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं उरलेले साठांहून अधिक अध्याय स्वतः रचले. फादर स्टीफन्सच्या पुराणानंतर ३२२ वर्षांनीं, १९३८ सालीं, तें संपूर्ण ‘ख्रिस्तायन’ छापून निघालें, आणि त्याची ओवी या खेपेस स्वयंपाकघरांतून आलेली होती.