मनगटी रक्तदाबाची कुळकथा

गणपतीला चाकरमानी मुंबईहून रत्नागिरीत उतरले की बॅगेतून मिठाई आणि कपड्यांबरोबर हल्ली एक स्मार्टवॉचही निघतं. ते आईवडिलांसाठी आणलेलं असतं. वडिलांची बीपीची गोळी चालू असते. तपासून घ्यायचं म्हणजे पाखाडी उतरून रस्त्याला लागायचं, एसटी धरायची आणि उपकेंद्र गाठायचं. भर पावसात तर ते टाळलंच जातं. त्यापेक्षा मनगटावर बोट टेकवलं की घरच्या घरी १२८ आणि ८२ असे आकडे दिसतात. त्यांचा फोटो व्हॉट्सॲपवरून डोंबिवलीला पोचतो आणि मुलगा निर्धास्त होतो.

दंडाला पट्टा नाही, हवा भरली नाही, पारा चढला नाही, तरी आकडा आला. तो कुठून आला हे शोधायचं तर या घड्याळाचं कूळ बघावं लागतं. रक्तदाबाच्या इतिहासात दोन घराणी आहेत. एक दाबून मोजणाऱ्यांचं, दुसरं नाडीची चाल बघून ओळखणाऱ्यांचं. मनगटी घड्याळ जन्माने दुसऱ्या घराण्यातलं आहे. त्यावर दिसणारा आकडा मात्र त्याने पहिल्या घराण्याकडून उसना घेतलेला असतो.

नाडीचं घराणं जुनं. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षेचा विस्तार नाही. तो प्रथम शार्ङ्गधरसंहितेत दिसतो. तिथे नाडीला प्राण्यांची चाल दिली आहे. वाताची नाडी सापासारखी किंवा जळवेसारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या मारत, कफाची हंसासारखी संथ. वैद्याच्या बोटाला नाडीचा वेग, ताल, भरीवपणा, कडकपणा हे सगळं कळत होतं. पण दुसऱ्या वैद्याला सांगता येईल असा आकडा त्यातून निघत नव्हता.

आकडा काढला एका इंग्रज पाद्र्याने. टेडिंग्टनच्या चर्चमधल्या स्टीफन हेल्सने एका घोडीला जमिनीवर बांधून तिच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढलं आणि दर ठोक्याला वरखाली होऊ लागलं. हा प्रयोग त्याने १७३३ साली छापला. आठ फुटांची नळी घेऊन रुग्णाकडे जाणं शक्य नव्हतं. १८२८ मध्ये फ्रान्सच्या प्वाझय याने इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीत पारा भरून ती अडचण दूर केली. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे फुटांचं काम मिलिमीटरांत आलं. आज यंत्रांतून पारा हद्दपार होत असला, तरी रक्तदाब आपण पाऱ्याच्याच मिलिमीटरांत सांगतो.

तरीही दाब मोजण्यासाठी रोहिणी उघडावी लागत होती. जिवंत माणसावर असं रोज करता येत नव्हतं. म्हणून काही जण पुन्हा नाडीकडे वळले. पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारेने १८६० मध्ये मनगटाला बांधायचं एक यंत्र केलं. नाडीच्या ठोक्याने त्यातली बारीक तरफ हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. वैद्याच्या बोटाला कळणारी चाल कागदावर आली. आजच्या घड्याळाच्या पडद्यावर नाचणारी नाडीची लाट म्हणजे त्या काजळीवरच्या रेघेची थेट वंशज. मनगटाला बांधायचं नाडीयंत्र हे या कुळात दीडशे वर्षांहून जुनं आहे.

याच यंत्रातून उच्च रक्तदाब हा स्वतंत्र आजार ओळखला गेला, आणि त्या शोधात एक भारतीय धागा आहे. पाटण्याचा शेख दीन मोहम्मद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून आयर्लंडमार्गे इंग्लंडला गेला. लंडनमध्ये त्याने भारतीय खाणावळ काढली, पुढे ब्रायटनला चंपी-मालिशीचं स्नानगृह चालवलं. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. विद्यार्थी असतानाच, १८७२ मध्ये, त्याने मारेच्या यंत्रात सुधारणा केली. रोहिणीवर किती भार टाकल्यावर नाडीची रेघ सर्वांत स्पष्ट उमटते हे त्यात मोजता येऊ लागलं. रक्ताचा ताण वाढला की मूत्रपिंड बिघडलेलं असणार, अशी तेव्हाची समजूत होती. वरवर धडधाकट आणि मूत्रपिंडाचा काही विकार नसलेल्या माणसांतही हा ताण वाढलेला असतो, हे त्याने दाखवलं. १८८४ मध्ये, अवघ्या ३५ वर्षांचा असताना, तो विषमज्वराने गेला. रक्तदाबाला 'काही लक्षणं नसलेला आजार' म्हणतात, त्याची पहिली चाहूल लागली ती मनगटावर.

दाबणाऱ्या घराण्याचा मूळपुरुष तूरीनचा शिपिओने रिव्हा-रोची. १८९६ मध्ये त्याने सायकलच्या ट्यूबसारखा रबरी पट्टा दंडाला गुंडाळला, त्यात हवा भरली आणि मनगटावर बोट ठेवलं. नाडी लागेनाशी झाली त्या क्षणी पारा जिथे असेल तो वरचा रक्तदाब. पट्टा दंडावर असला, तरी निर्णय मनगटावरची नाडीच देत होती. म्हणजे दोन घराण्यांची सोयरीक पहिल्याच दिवशी झाली. १९०१ मध्ये अमेरिकन मेंदूशल्यज्ञ हार्वी कुशिंग इटलीतल्या पाव्हियाला गेला होता. तिथे वापरात असलेलं हे यंत्र त्याने पाहिलं आणि आपल्याकडे नेलं. त्याच वर्षी फॉन रेक्लिंगहाउझेनने अरुंद पट्ट्यामुळे आकडा फुगतो हे ओळखून पट्टा रुंद केला. जाड दंडाला बारीक पट्टा लावला तर आजही हीच चूक होते.

खालचा आकडा यायला आणखी काही वर्षं लागली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीत निकोलाय कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकाने पट्ट्याखालच्या रोहिणीवर स्टेथोस्कोप टेकवला. हवा सोडताना आवाज सुरू झाला तो वरचा दाब, थांबला तो खालचा. त्याचं निवेदन पानभरही नव्हतं. डॉक्टर कानाला नळ्या लावून पाऱ्याकडे बघत राहतात ती पद्धत तिथून आली.

ती आपल्याकडे रुजली आणि तिच्यावर मोठी कामंही झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळांचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तपासला. त्यांचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण. ज्या मुळ्या झाडपाल्याच्या औषधांत शतकानुशतकं होत्या, त्यांना जगाची मान्यता मिळाली ती पाऱ्याच्या यंत्रात आधी आणि नंतर मोजलेल्या आकड्यांमुळे.

कोकणातलं दुसरं उदाहरण शेजारच्या रायगडचं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचवाच्या दंशाने दाखल होणारी माणसं डोळ्यांदेखत जात होती. जांभ्याच्या कपारी, कवलं, गवताच्या उडव्या यांत तांबडा विंचू सगळीकडे. रत्नागिरीतही तीच गत. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. विषाने शरीरातली उत्तेजक द्रव्यं उसळतात, दाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हा क्रम त्यातून उलगडला. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वेळेवर दिलं. १९८६ मध्ये लॅन्सेटने ते काम छापलं. गंभीर दंशातले मृत्यू त्यामुळे झपाट्याने घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पट्टा आणि नाडी दोन्हींवर सतत नजर ठेवली तर आडगावातही केवढं शास्त्र घडतं, ते या कामात दिसतं.

पुढे पाऱ्याची जागा विजेने घेतली. १९७० च्या दशकात रुग्णालयांत अशी यंत्रं आली, की पट्टा आपोआप फुगतो, हवा सुटताना नाडीच्या धक्क्यांनी पट्ट्यातला दाब थरथरतो आणि ती थरथर यंत्र टिपतं. थरथर सर्वांत मोठी असते तो सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून सूत्राने काढला जातो आणि ते सूत्र कंपनी गुप्त ठेवते. म्हणजे घरातल्या दंडाच्या यंत्रातही थोडा हिशेब आहेच. पण पट्टा रोहिणीला खरोखर दाबतो आणि किती दाबलं ते यंत्राला माहीत असतं. पारा विषारी म्हणून २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या यंत्रांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं ठरवलं, भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केला. सरकारी केंद्रांतही मग विजेची यंत्रं आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यात देशातले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातल्या चारांत एक सिंधुदुर्ग, म्हणजे १ मे १९८१ पर्यंतच्या रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिण भाग. तिथे मोजणी होती ती दंडाच्या पट्ट्यानेच.

नाडीचं घराणं दरम्यान उजेडाकडे वळलं होतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसच्या आल्रिक हर्ट्झमनने कातडीवर प्रकाश टाकून परत येणारा उजेड मोजला. ठोक्यागणिक रक्त वाढतं-घटतं तसा उजेड कमीजास्त होतो. घड्याळाखालचा हिरवा दिवा हेच करतो, कारण रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. त्याआधी, १८७८ मध्ये, हॉलंडच्या मोएन्स आणि कोर्टेवेख यांनी सांगून ठेवलं होतं, की रोहिणीची भिंत जितकी ताठ, तितकी नाडीची लाट वेगाने धावते. दाब वाढला की भिंत ताणली जाते, लाट लवकर पोचते. लाटेचा वेग आणि तिचा आकार बघून दाबाचा अंदाज बांधायचा, हे घड्याळाच्या हिशेबाचं मूळ.

अडचण अशी, की भिंत ताठ होण्याचं कारण एकटा दाब नसतो. वय, मधुमेह, धूम्रपान, थंड पडलेले हात, सगळ्यांमुळे लाट बदलते. उजेडातून चाल कळते, दाबाचे मिलिमीटर कळत नाहीत. म्हणून पट्ट्याकडे जावं लागतं. सॅमसंगच्या घड्याळाला दक्षिण कोरियाने एप्रिल २०२० मध्ये मान्यता दिली, तेव्हा अट अशी होती, की आधी दंडाच्या यंत्राने मोजून ते आकडे घड्याळाला द्यायचे आणि दर २८ दिवसांनी हे पुन्हा करायचं. मधल्या काळात घड्याळ सांगतं ते त्या दिलेल्या आकड्यापासून नाडी किती बदलली एवढंच. जुळवणी न मागताच आकडा दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळांना तर तेवढाही आधार नसतो.

मनगटावर खरोखर दाब मोजायचा तर मनगटही दाबावं लागतं. ओमरॉनने तसं घड्याळ केलं. त्याच्या पट्ट्यात फुगणारी पिशवी आहे आणि डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. दिसायला ते घड्याळ, पण कूळ रिव्हा-रोचीचं. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये उलटा मार्ग घेतला. त्यांचं घड्याळ आकडा देतच नाही. ३० दिवस नाडीची लाट बघून, उच्च रक्तदाबाचा संशय आला तर सूचना देतं आणि पट्ट्याने मोजून डॉक्टरांकडे जायला सांगतं. सगळे रुग्ण त्यात सापडणार नाहीत हे कंपनीच कबूल करते. त्याच वर्षी जुलैमध्ये हूप या मनगटी पट्ट्याच्या कंपनीला मंजुरी न घेता रक्तदाबाचे अंदाज दाखवल्याबद्दल अमेरिकी प्रशासनाने ताकीद दिली. युरोपच्या उच्च रक्तदाब संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे, की पट्टा नसलेल्या यंत्रांच्या आकड्यावर निदान करू नये, औषध ठरवू नये.

तेव्हा आईवडिलांना घड्याळ द्यायचं तर द्यावं. चालणं, झोप, अनियमित ठोके यांवर त्याची नजर कामाची आहे. पण त्याबरोबर प्रमाणित केलेलं दंडाचं यंत्र घ्यावं आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते बघावं. पाखाडी चढून आल्यावर, चहा किंवा विडीनंतर अर्ध्या तासात मोजू नये. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. दंड हृदयाच्या उंचीला ठेवावा, कारण हात दहा सेंटिमीटर खाली गेला की सात-आठ मिलिमीटर वाढीव दिसतात. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून आकडे वहीत लिहावेत. घरच्या मोजणीत सरासरी वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५, किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. आणि घड्याळात १२८ दिसलं म्हणून चालू असलेली गोळी कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये.