मोंतोने येथील छायायंत्र आणि आमचे वीरगळ

इटलीच्या उंब्रिया प्रांतांत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, मोंतोने नांवाचें लहानसें तटबंदीचें गांव टेकडीवर वसलें आहे. तेथें सन 2023 च्या जुलै महिन्यांत नाईक यशवंत घाडगे यांचें व इटलींत लढलेल्या हिंदी सैनिकांचें स्मारक उघडण्यांत आलें. तें उभारणारे गांवची नगरसंस्था व त्या देशांतील युद्धेतिहासाचे अभ्यासक. स्मारकास रूप पुतळ्याचें नाहीं, छायायंत्राचें दिलें आहे. त्याच्या लॅटिन बोधवाक्याचा आशय ‘आपण सर्व एकाच सूर्याखालीं आहोंत’ असा आहे. हें वाचतांच आम्हांस वीरगळांच्या माथ्यावरील चंद्रसूर्यांची आठवण झाली, व तेवढ्याच निमित्तानें हा लेख लिहीत आहोंत.

प्रथम मूळ प्रसंग. घाडगे हे कुलाबा (सन 1981 पासून रायगड) जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे; पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतले. ता. 10 जुलै 1944 रोजीं त्यांच्या कंपनीनें शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. अगदीं जवळून मशीनगनचा मारा होऊन त्यांच्या तुकडीतील एकूण एक शिपाई पडला किंवा जायबंदी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. त्यांनीं धांव घेऊन हातबाँबनें ती तोफ व तिचा चालक यांचा निकाल लावला, दुसऱ्यास टॉमीगननें टिपलें, आणि काडतुसांची पेटी बदलण्यास अवधि नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्यानें ठार केलें. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं, स्वतः जिंकलेल्या त्याच ठाण्यांत, त्यांस मरण आलें. वय अवघें 22 वर्षांचें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांची ज्ञात समाधि कोठेंहि नाहीं. नांव कासिनो येथील स्मारकावर कोरलें आहे.

इटलीच्या मोहिमेंत चौथी, आठवी व दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनांचें 50,000 हून अधिक सैन्य होतें. त्यांपैकीं 5,782 जण परत आले नाहींत.

आतां वीरगळांकडे येऊं. खालच्या चौकटींत लढाई, पुष्कळदां गुरें सोडविण्यासाठीं झालेली. मधल्या चौकटींत अप्सरा वीरास वर नेत आहेत. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ताम्रपटांत ‘आचंद्रार्क’ शब्द जें काम करतो, तेंच हीं दोन चिन्हें येथें करतात. मोंतोनेच्या कारागिरानें वीरगळ पाहिला असेल असें आम्ही म्हणत नाहीं. आपण मरणाऱ्याच्या स्मृतीस सूर्य साक्षी ठेवला. त्यांनीं त्याच सूर्यास रोज शंकूची छाया फिरविण्याच्या कामीं लावलें. योगायोग असेल, पण मोठा गोड योगायोग आहे.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. हे शिपाई परक्या राजाचे चाकर. त्यांचें कौतुक तें काय? मोंतोनेस हा प्रश्न नवा नाहीं. सन 1424 मध्यें मरण पावलेला प्रसिद्ध सेनापति ब्राच्चो फोर्तेब्राच्चो याच गांवच्या घराण्यांतला, आणि कराराच्या पैशावर दुसऱ्यांच्या लढाया लढणें हीच त्याची वृत्ति होती. आमचे शिलेदार तरी काय निराळें करीत? वीरगळ कोरणाऱ्यानें ‘हा कोणाचा चाकर’ असें विचारलेलें दिसत नाहीं. कसा मेला एवढेंच त्यानें दाखविलें.

पण वीरगळांत एक उणीव आहे, व ती संशोधकास रोज टोंचते. कर्नाटकांत लेख असलेले वीरगळ विपुल. महाराष्ट्रांतले बहुतेक मुके. कृत्य आहे, कर्ता नाहीं. पुढें पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें गांवोगांवीं शिळा बसविल्या. ‘या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके मेले’ एवढाच त्यांचा मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंग्याचे 46 जण त्या युद्धांत पडले, हा आंकडा सर्वांच्या तोंडीं आहे. 46 नांवें किती जणांस सांगतां येतील? वीरगळानें निदान घोडा आणि तलवार तरी दाखविली होती; शिळेवर उरला तो हिशेब. या मानानें मोंतोनेच्या लोकांनीं परक्या मुलखांतल्या एका नाइकाचें नांव धरून ठेवलें, हें आम्हांस विशेष वाटतें. माणगांवांतहि त्यांचा पुतळा आहे. तथापि ज्यांस पदक मिळालें नाहीं त्यांचें काय?

सनदा व वतनपत्रें गोळा करणारे आमचे मित्र शिपायांच्या घरचे कागद बहुधा बाजूस सारतात. आम्हीहि पूर्वीं सारले आहेत. डिस्चार्जचे दाखले, पेन्शनचीं पुस्तकें, आघाडीवरून आलेलीं पत्रें हीं शिळेवरील आंकड्यास नांव मिळवून देणारीं साधनें होत. शिळांवर चुन्याचे हात बसतात व अक्षरें बुजतात, म्हणून त्यांचे ठसे आधीं घ्यावे. नांवें मात्र घरच्यांच्या तोंडून ऐकून देवनागरींतच उतरून घ्यावीं. सरकारी कागदांतील रोमन अक्षरांवरून घाडगे कीं घडगे याचाहि निर्णय होत नाहीं, आणि इटालियन वाचक तर त्याच अक्षरांचा उच्चार ‘गाद्‍जे’ असा करील.